ह्रस्व, दीर्घ आणि त्याच्याही पुढे

नार्वा. पहाटेचे पाच.
गिरणी बंद होऊन वर्षं लोटली, तरी नोन्ना आर्काद्येव्हनाचे डोळे
पहिल्या पाळीलाच उघडतात.
साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन,
त्यात एक आवाज, कधीच जांभई न देणारा.
"तेरे होम्मिकुस्त," आवाज म्हणतो.
"तेरे," ती म्हणते, आणि चहा ओतते. एकाच कपात.

चाळीस वर्षं तिनं या देशात मान हलवून काढली.
डॉक्टरपुढे. बँकेत. घरपट्टीच्या कागदावर
सही कुठं, एवढंच विचारत.
खिडकीतून नदी दिसते. पलीकडच्या काठावर
तिची भाषा झेंडा लावून उभी आहे;
अलीकडे ती भाषा म्हणजे
घरात घालायच्या सपाता.

लिना. लिन्ना. लिन्न्ना.
चादर. शहराचं. शहरात.
शेवटचे दोन कागदावर सारखेच,
फरक फक्त जिभेला ठाऊक:
ह्रस्व, दीर्घ, आणि त्याच्याही पुढे
श्वास थोडा अडवून धरावा तेवढं.
बत्तीस वर्षं मागावर, कान फाटतील अशा खडखडाटात,
सूत तुटलं की तिच्या बोटांना आधी कळायचं.
आता सूत घशात आहे.
पुन्हा, ती म्हणते. पुन्हा.
अठ्ठाविसाव्या वेळीही आवाज चिडत नाही.
कधी कधी तिला तेच सोसत नाही.

हा तो, की ती?
त्या भाषेत हा प्रश्नच उठत नाही: तेमा.
नवरा तेमा, विहीण तेमा, फोनही तेमा.

एकदा भूतकाळाचा सराव होता.
नवऱ्याबद्दल सांगा, आवाज म्हणाला.
ती सांगत गेली: तो मासे पकडतो,
बर्फाला भोक पाडून दिवसभर बसतो,
घरी येतो तेव्हा मिशा कडक झालेल्या असतात.
"छान. मात्र हे सगळं पूर्वीचं असेल,
तर क्रियापदं बदलावी लागतील."
नळ ठिबकत होता.
तिनं क्रियापदं बदलली, एकेक,
कपाटातून सदरे काढावेत तशी.
रशियनमध्ये हे तिला अजून जमलं नव्हतं.

मग एका शनिवारी लिन्न्ना. बसनं, राकवेरेच्या बाजारात.
ब्लूबेरी विकणारी माइमू, हात कोपरापर्यंत जांभळे,
तिचं एक वाक्य ऐकून लगेच रशियनवर आली,
मोडक्यातोडक्या, भल्या मनाच्या रशियनवर.
असं दार नोन्नाच्या तोंडावर
आयुष्यभर हळूच, अदबीनं लागत आलंय.
"पालुन," ती म्हणाली. घसा कोरडा. "एस्ती केएलेस."
कृपया, तुमच्याच भाषेत.

माइमूनं तिच्याकडे नीट बघितलं.
बरं, म्हणाली. काय हवंय?
सादा, नोन्ना म्हणाली. 'मिळेल का' म्हणायचं होतं;
स्वर आखूड पडला, झालं 'शंभर'.
"शंभर किलो? बाई, टेम्पो आणलाय का?"
आणि माइमू हसली. गाडीवरचा चीजवालाही हसला.
नोन्नाचे कान तापले,
मग तीही हसली, जरा उशिरा,
परक्या भाषेतला विनोद पोचायला लागतो तेवढा वेळ घेऊन.
माइमूनं शब्द दुरुस्त केला नाही.
नुसता स्वतः उच्चारला, लांबवून, "साआदा",
आणि मूठभर बेरी वर टाकल्या.

रात्री तिनं फोनला सगळं सांगितलं.
"ही चूक पुष्कळ जण करतात," आवाज म्हणाला.
समजूत काढायलाच म्हणाला असणार.
पण तिला किंचित राग आला.
आज सकाळची ती चूक
तिची एकटीची होती.

तरी पहाटे पाचला ती पुन्हा डब्यापाशी बसली.
निघताना माइमूनं काहीतरी विचारलं होतं,
त्याचं उत्तर पाठ करायचं होतं.
या भाषेला भविष्यकाळ नाही.
जे व्हायचंय तेही वर्तमानातच सांगायचं, बिनधास्त.

म्हणून: शनिवारी येते.
पुन्हा.
शनिवारी येते.